धाकट्याने विचारावे

जेवताना मुलांनी बडबड करू नये, असा आमच्या हिंगण्याच्या घरात दंडक आहे. हा दंडक मुद्दाम मोडायला लावणारा एक सण मराठी घरांतही आहे, हे मी परवा आमच्या सात वर्षांच्या कन्येला सांगत बसलो आणि फसलो.

कोकणात तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी ते बंद ठेवणारे बेने इस्रायल लोक 'शनवार तेली' म्हणून ओळखले जात. वसंतात ते पेसाह पाळतात. मराठी बायबलाने त्याला 'वल्हांडण' म्हटले आहे. त्या रात्री घरातल्या सर्वांत लहानाने चार प्रश्न विचारायचे : आज बिनखमिराचीच भाकरी का, कडू पाला का, अशा थाटाचे. मग वडीलधाऱ्यांनी मिसरातल्या गुलामीची आणि मोशेने केलेल्या सुटकेची कथा सांगायची. या विधीचे सचित्र पुस्तक १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठीत छापले गेले होते.

कथा दहाव्या पीडेपर्यंत आली. मृत्यूने इस्रायलांची घरे वल्हांडली, म्हणजे ओलांडली. मिसरी घरांतला थोरला मुलगा मात्र गेला. कन्येने घास खाली ठेवला.

"बाबा, त्या मुलांनी काय केलं होतं?"

'आधी जेव' हे शब्द ओठांवर आले होते. तेवढ्यात एक रीत आठवली. दहा पीडांची नावे घेताना दर नावाला पेल्यातला एक थेंब बाहेर टाकतात. शत्रूच्या दुःखाने आपला आनंदाचा पेला तेवढा उणा! बेने इस्रायलांच्या पेल्यात बहुधा काळ्या मनुकांचे सरबत असते. तिने आपल्या पेल्यात बोट बुडवून पाण्याचा एक थेंब ताटाबाहेर टाकला.

मग दुसरा प्रश्न आला. "आणि नरकासुराला मुलगा होता?"

भागवत काढून पाहावे लागले. होता, त्याचे नाव भगदत्त. बाप पडल्यावर भेदरलेल्या त्या पोराला त्याच्या आजीने, म्हणजे पृथ्वीने, कृष्णाच्या पायाशी आणले आणि कृष्णाने त्याला अभय दिले.

इतकी वर्षे मी चतुर्दशीला कारीट चिरडत आलो. नरकासुर मेला, इथेच माझी गोष्ट संपायची. पुढचे कुणी विचारले नाही, म्हणून मीही कधी पाहिले नाही.

यंदा फराळाच्या ताटावर बोलायला परवानगी आहे.