पगार आमचा, जुगार त्यांचा



भिलाई-३ च्या यार्डात, लोको शेडमध्ये, चरोद्याच्या वसाहतीत आणि पोस्टाच्या खिडकीमागे आज एक नवी भाषा ऐकू येते. 'कॉल घेतला', 'पुट विकला', 'आज एक्सपायरी आहे.' महागाई भत्ता किती टक्के वाढला हे विचारण्याआधी निफ्टी किती झाला हे विचारले जाते. बोलणारे बहुतेक तिशीच्या आतले आहेत. त्यांना नावे ठेवणे सोपे आहे, पण ते युनियनचे काम नाही. कामगाराच्या पगारातून पैसा कुठे जातो आणि कोणाच्या खिशात पडतो, हे पाहणे युनियनचे काम आहे. म्हणून हा वैयक्तिक व्यसनाचा नव्हे, वेतनाचा प्रश्न आहे, असे आमचे म्हणणे आहे.

हा बाजार आहे तरी काय?

निफ्टी म्हणजे ५० कंपन्यांच्या भावांवरून काढलेला एक आकडा. सेन्सेक्स ३० कंपन्यांचा. जून २००० मध्ये मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांत या आकड्यांचे वायदे सुरू झाले आणि २००१ साली ऑप्शन आले. यात शेअर हातात येत नाही, कंपनीत भागीदारी मिळत नाही. आकडा वर जाईल की खाली, एवढ्यावर सौदा होतो आणि फरकाचे पैसे दिले-घेतले जातात. एकाचा नफा तोच दुसऱ्याचा तोटा. वर दलाली, बाजाराचे शुल्क आणि सरकारी कर दोघांकडूनही जातात.

याचे समर्थक सांगतात की हा विमा आहे, जोखीम कमी करण्याचे साधन आहे. ज्या संस्थेकडे हजार कोटींचे शेअर आहेत तिच्यासाठी ते खरेही असेल. पण आमच्या ट्रॅकमनकडे, पोस्टमनकडे कोणते शेअर आहेत, ज्यांचा विमा उतरवायचा? ज्याला घर नाही त्याने आगीचा विमा घ्यावा, त्यातला हा प्रकार आहे.

संसदेच्या वित्तविषयक स्थायी समितीने १९९९ च्या कायद्याच्या वेळीच शिफारस केली होती की एका कराराची किंमत किमान २ लाख रुपये असावी. लहान माणसाने यात उतरू नये, हाच त्यामागचा रोख. पण ऑप्शनमध्ये नुसता प्रीमियम भरून आत शिरता येते. पुढे साप्ताहिक एक्सपायरी आली, मोबाईल आला, आणि २०२३ पर्यंत आठवड्यातल्या प्रत्येक कामाच्या दिवशी कुठल्या ना कुठल्या निर्देशांकाची एक्सपायरी होऊ लागली. जुन्या लोकांना मटक्याचे ओपन आणि क्लोज आठवत असेल. फरक एवढाच की तो आकडा चोरून लावावा लागे, आणि याची जाहिरात होते.

सेबीचाच हिशेब वाचा

मी मॅट्रिक शिकलेला माणूस आहे. पण हा हिशेब कळायला मॅट्रिकही जास्तच झाली. सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीने अहवाल दिला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे व ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के लोक तोट्यात गेले. एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक. डोक्यामागे सरासरी सुमारे २ लाख. खर्च वजा जाता एक लाखाहून जास्त कमावणारे फक्त १ टक्का. यात उतरलेल्या चारांपैकी तिघांहून अधिक लोकांचे वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत होते. म्हणजे बँकवाला किंवा शेठ नव्हे, आपल्यासारखाच माणूस. त्यानंतर २०२४-२५ या एका वर्षात हा तोटा १ लाख ५ हजार कोटींच्या वर गेला.

हा पैसा हवेत विरला काय? मुळीच नाही. २०२३-२४ मध्ये खर्च धरण्यापूर्वी व्यक्तींचा तोटा ६१ हजार कोटी होता. त्याच वर्षी स्वतःच्या भांडवलावर व्यवहार करणाऱ्या दलाल पेढ्यांचा नफा ३३ हजार कोटी आणि परदेशी गुंतवणूक संस्थांचा २८ हजार कोटी. बेरीज करून पाहा. आणि हा नफा जवळजवळ सगळा संगणकाच्या आज्ञावलीने चालणाऱ्या व्यवहारांतून आला. रात्रपाळी करून आलेला, डोळ्यांवर झोप असलेला पॉइंट्समन सकाळी सव्वानऊला मोबाईल उघडतो, तेव्हा त्याची गाठ या यंत्राशी असते.

३ जुलै २०२५ रोजी सेबीने जेन स्ट्रीट या अमेरिकी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये जमा करण्यास सांगितले. आरोप असा की सकाळी बँकांचे शेअर उचलून निर्देशांक चढवायचा, नंतर तेच विकून पाडायचा, आणि खरी कमाई ऑप्शनमध्ये करायची. कंपनीने आरोप नाकारला आणि अपील केले. निकाल काय लागायचा तो लागो. पण ज्या खेळात एक खेळाडू फासेच हलवू शकतो असे खुद्द पंचाला वाटते, तिथे आमच्या पोरांनी पगार का लावावा?

एकाच मोबाईलला दोन न्याय

महादेव बेटिंग ॲपच्या प्रकरणात भिलाईचे नाव देशभर गाजले. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ते ॲप बंद करण्याचा आदेश काढला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. ठीक झाले. पण त्याच मोबाईलवर निफ्टीचा आकडा लावला की ती गुंतवणूक ठरते! सरकारला त्यावर कर मिळतो, म्हणून की काय?

आणि शिक्षा मात्र कामगाराला. रेल्वे सेवा (आचरण) नियम १९६६ चा नियम १६ आणि पोस्टाला लागू असलेल्या केंद्रीय नागरी सेवा (आचरण) नियम १९६४ चा नियम १६, दोन्ही सट्ट्याला मनाई करतात. वारंवार खरेदी-विक्री म्हणजे सट्टाच, असे त्यात स्पष्ट आहे. छत्तीसगड सरकारनेही २०२५ साली आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असेच व्यवहार गैरवर्तन ठरवले. म्हणजे दुकान उघडायचे, पाटी लावायची, आणि गिऱ्हाईक आत शिरले की त्याच्या हातात आरोपपत्र द्यायचे.

याचे मूळ खाउजा धोरणात आहे. १ जानेवारी २००४ पासून भरती झालेल्यांची हमीची पेन्शन काढून ती बाजाराशी बांधली. तुझे म्हातारपण बाजाराच्या हाती आहे, असे सरकारनेच ज्याला सांगितले, तो तरुण बाजाराकडे धावला तर नवल काय?

आमची भूमिका

नोव्हेंबर २०२४ पासून सेबीने कराराची किंमत किमान १५ लाख केली आणि प्रत्येक बाजाराला एकच साप्ताहिक एक्सपायरी ठेवली. हे पुरेसे नाही. उलट हिशेब करा: १५ लाखांच्या वायद्यात निर्देशांक २ टक्के उलटला की ३० हजार गेले. सातव्या वेतन आयोगाचे किमान मूळ वेतन १८ हजार आहे!

आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. साप्ताहिक एक्सपायरी पूर्ण बंद करा. पगारावर जगणाऱ्या माणसाला तोट्याचे आकडे त्याच्या भाषेत दाखवल्याशिवाय आणि तो किती बुडवू शकतो याची मर्यादा घातल्याशिवाय हे खाते उघडू नका. कर्जात अडकलेल्या कामगाराला प्रशासनाने आधी सल्ला व सवलत द्यावी, आरोपपत्र नव्हे. आणि जुनी पेन्शन परत द्या.

काही काम आपलेही आहे. पतसंस्थेच्या संचालकांनी वारंवार कर्ज उचलणाऱ्या सभासदाशी प्रेमाने बोलावे. पी.एफ.चा अग्रीम पोरीच्या लग्नासाठी आहे की ॲपसाठी, हे घरच्यांना माहीत असावे. जे बंधू पोस्टाच्या खिडकीवर लोकांची आर.डी. उघडून देतात, त्यांनी आपल्याच शेजारच्या टेबलावरही ती उघडून द्यावी. आणि जो अडकला आहे त्याने न लाजता शाखेकडे यावे. त्याचे नाव बाहेर जाणार नाही.

महागाई भत्त्याचा एकेक टक्का आपण मोर्चे काढून, उपाशी बसून मिळवला आहे. तो एका दुपारी, एका आकड्यावर, कुणा परदेशी कंपनीच्या यंत्राला देऊन टाकण्यासाठी नव्हे. पगार संघटनेने वाढतो. आकडा लावून आजवर कुठल्याही कामगारवर्गाचा पगार वाढलेला नाही.

कामगार एकजुटीचा विजय असो!

– शाखा सचिव, भिलाई-३