सोनं तिचं, बोली त्यांची

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक अक्षरांत, एक जाहीर सूचना हल्ली नेहमी दिसते. हप्ते थकल्यामुळे ताब्यात घेतलेल्या वाहनांचा लिलाव. खाली गाड्यांची यादी असते. बोलेरो, स्कॉर्पिओ, सफारी, कधी एखादी फॉर्च्युनरसुद्धा. आपण बायका ही सूचना सहसा वाचत नाही. घरातली पुरुषमंडळी मात्र वाचतात, आणि मग रात्री जेवताना विषय निघतो, "अगं, बाजारात सात लाखांना जाणारी गाडी चार-साडेचारला मिळतेय!"

मोठी गाडी हवीशी वाटते यात गैर काहीच नाही. सासू-सासरे, दोन मुलं, लग्नाला निघालं की नणंद आणि तिची पोरं, शिवाय शेताकडचा खडबडीत रस्ता. उंच, दणकट गाडी लागतेच. टाटा सुमो १९९४ मध्ये आली आणि २०१९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी आपल्या तालुक्याच्या गावांत ती अजून दिसते. (तिचं नाव टेल्कोच्या सुमंत मुळगावकरांच्या नावातली अक्षरं घेऊन ठेवलंय, हे किती जणींना ठाऊक आहे?)

प्रश्न आहे पैशांचा. लिलावात आधी अनामत भरावी लागते, आणि बोली मंजूर झाली की उरलेली रक्कम भरायला मोजके दिवस मिळतात. मुदत चुकली तर अनामतही जाते. एवढ्या घाईत वाहनकर्ज होणं कठीण. मग कपाटातला डबा खाली उतरतो. पाटल्या, गंठण, माहेरची मोहनमाळ तारण पडते. सोनं तिचं जातं, पण यार्डात गाडी बघायला कोण जातं? हे, दीर आणि त्यांचा 'गाड्यांतलं कळणारा' एक मित्र. तिला गाडी पहिल्यांदा दिसते ती दारात उभी राहिल्यावर, हार घालताना.

मला हे पटत नाही. जिचं सोनं जातंय तिने यार्डात जायला हवं, कागद वाचायला हवेत, आणि बोली कुठे थांबवायची तो आकडा तिच्या संमतीनेच ठरायला हवा. "तुला काय कळतं गाडीतलं?" असं कुणी म्हटलंच तर म्हणावं, भाजी घेताना तुम्हाला तरी कुठे कळतं!

मावसबहिणीबरोबर मी अशा एका यार्डात गेले होते. हायवेच्या कडेला पत्र्याचं कुंपण आणि आत धुळीने माखलेल्या गाड्यांच्या रांगा. एकीच्या काचेवर अजून बाळाच्या नावाचा स्टिकर होता, दुसरीत देवाची मूर्ती तशीच. चालवून बघू म्हटलं तर पहारेकरी हसला. इथे गाडी फक्त बघायची. फार तर इंजिन चालू करून दाखवतात. विक्री 'जशी आहे तशी, जिथे आहे तिथे' या अटीवर. नंतर काही निघालं तर कुणाला विचारायची सोय नाही. म्हणून आम्ही ओळखीचा गॅरेजवाला सोबत नेला होता. दोनशे-पाचशे रुपये घेतो, पण तेवढ्यात तो जे सांगतो ते कुणी मित्र सांगत नाही.

त्याने आधी सीटबेल्ट पार शेवटपर्यंत ओढला. टोकाला चिखलाचा डाग असेल तर गाडी पाण्यात बुडालेली असण्याची दाट शक्यता. मग पायाखालचं मॅट उचललं, सीटच्या खालचे रूळ गंजलेत का ते पाहिलं, आत कुबट वास येतो का तो घेतला. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या पुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला गाड्या कशा बुडाल्या ते आपण टीव्हीवर पाहिलंय. अशा गाड्या विमा कंपन्या लिलावात काढतात, आणि धुऊन-पुसून त्या पुन्हा बाजारात येऊ शकतात. वरून चकचकीत, आत वायरिंग सडलेलं. हे सगळं बघायला बाईचे डोळे पुरेसे आहेत हो. घरातला ओला कोपरा आपल्याला वासावरून कळतोच की!

चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी जुळवून घ्यायचे. मग हिशेब. समजा ४ लाखांना बोली लागली. वर लिलाव करणाऱ्याची फी आणि कर आहे का, हे अटींच्या कागदात असतं; ते वाचल्याशिवाय अनामत भरू नये. उन्हात उभ्या गाडीचे टायर तडकलेले असतात, आणि मोठ्या गाडीचे टायर स्वस्त नसतात. गाडीच्या नंबरवर दंडाची ई-चलानं थकलेली असतात, तीही बघायची. पाटी पिवळी असेल तर गाडी धंद्याची आहे. घरगुती वापरासाठी पांढरी करायची म्हणजे परवाना रद्द करा, फरकाचा कर भरा. गाडी पंधरा वर्षांच्या जवळ आली असेल तर पुन्हा पासिंग. चारचाकीच्या पुनर्नोंदणीची फी १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली, पर्यावरण कर वेगळा. या सगळ्याची बेरीज चार लाखांत मिळवा आणि मग सांगा, गाडी स्वस्त पडली का?

बहिणीने हा हिशेब वहीच्या पानावर लिहून नवऱ्याच्या खिशात घातला होता. तीन लाख साठ हजारांच्या वर जायचं नाही, असं ठरलं होतं. बोली पुढे गेली, ते थांबले. घरी थोडा फुरंगटा झाला, पण पाटल्या डब्यातच राहिल्या.

आता नावाविषयी. ज्याचे हप्ते थकले तो सही करायला कशाला येईल? म्हणून मोटार वाहन कायद्यात बँकेला आधी स्वतःच्या नावावर नवी आरसी काढून घेता येते. त्याचा अर्ज म्हणजे नमुना ३६. बोजा उतरवायचा नमुना ३५. हे कागद बँक देणार का, किती दिवसांत देणार, ते बोलीआधी विचारा. शिवाय गाडीच्या ताब्यावरून कोर्टात वाद चालू नाही ना, हेही. प्रकाश कौर नावाच्या बाईंच्या ट्रकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये बजावलं होतं की, वसुलीसाठी गुंड पाठवणं चालणार नाही, कायद्याच्याच मार्गाने जावं. दांडगाईने ओढून आणलेली गाडी घेतली की तिचं भांडणही आपल्या दारात येतं. बरं, लिलावात पैसे कमी आले तर उरलेलं कर्ज त्या जुन्या मालकाच्या डोक्यावर राहतंच. त्या स्टिकरवरच्या बाळाची आई काय करत असेल, हा विचार माझ्या मनातून गेलेला नाही.

आपल्याकडे गाडी बायकोच्या नावावर घेण्याचीही एक रीत आहे. नाव तिचं, किल्ली त्यांच्या खिशात. मैत्रिणींनो, हा नुसता मान नाही. आरटीओच्या दप्तरी ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलाय. गाडी पुढे विकली आणि नाव बदललं नाही, तरी नोटीस आपल्यालाच! तेव्हा नाव लावून घ्या, जरूर घ्या, सोनं आपलं आहे. पण विम्याची तारीख स्वतः बघा. गाडी घेतल्यावर तीस दिवसांत नाव बदलायचा अर्ज द्यावा लागतो. "एजंट करतोय" एवढ्यावर समाधान मानू नका, पावती मागा.

यार्डातल्या गाडीचा विमा बहुधा संपलेला असतो. लिलावाची पावती दाखवून तो आधी उतरवा, मगच गाडी रस्त्यावर काढा. आणायला जाताना बॅटरीही सोबत न्या. तिथली बसलेलीच असते. दुसरी किल्ली मिळाली तर ती आपल्या पर्समध्ये ठेवा. नाही मिळाली, तर त्याच दिवशी करून घ्या.