बांधलेलं टिकवायचं कसं? गेममधली घरं आणि भिवंडीतल्या इमारती

पावसाळा तोंडावर आला की भिवंडीत एक यादी चर्चेत येते. धोकादायक आणि अतिधोकादायक इमारतींची. व्हॉट्सॲप ग्रुपवर ती फिरते, नावं वाचली जातात, एखाद-दुसऱ्या इमारतीचं वीज-पाणी तोडलं जातं. मग पाऊस सुरू होतो आणि यादीतल्या बऱ्याच घरांत चूल पेटलेलीच असते.

याच शहरातली पोरं गेममध्ये वेगळ्या इमारती बांधत असतात. माइनक्राफ्ट, व्हॅलहाइम, रस्ट, सेव्हन डेज टू डाय. लाकूड तोडायचं, दगड फोडायचा, घर उभं करायचं आणि रात्र काढायची. या खेळांना सँडबॉक्स सर्व्हायव्हल म्हणतात. दोन्ही गोष्टींचा संबंध काय, असं वाटेल. पण यातल्या काही खेळांनी एक नियम फार स्पष्टपणे मांडलाय: बांधणं एकदाच होतं, टिकवणं रोज करावं लागतं. भिवंडीत नेमका हाच हिशेब चुकत आलाय. तो कुठे चुकतो, हे समजायला गेमची थोडी मदत होते.

गेममध्ये घर पडतं का?

माइनक्राफ्टमध्ये सहसा पडत नाही. २०११ साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या गेमच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत. त्यात प्रत्येक ठोकळा एक मीटर लांब, रुंद आणि उंच. वाळू आणि खडी सोडली तर जवळपास कुठलाही ठोकळा हवेत तसाच राहतो. झाडाचं खोड मधून काढा, वरचा भाग लटकत राहील. खालचा मजला पूर्ण खोदून टाका, वरच्या मजल्याला काही होत नाही. मजा येते, पण वजन नावाची गोष्टच तिथे नाही.

२०२१ मध्ये आलेल्या व्हॅलहाइममध्ये असं चालत नाही. स्वीडनमधल्या आयर्न गेट या छोट्या कंपनीचा हा गेम. हातात हातोडा घेऊन घराच्या एखाद्या तुळईकडे पाहिलं की तिचा रंग दिसतो. जमिनीवर थेट टेकलेला भाग निळा. त्याच्या आधाराने उभा असलेला हिरवा, मग पिवळा, नारिंगी, आणि शेवटी लाल. लालच्या पुढे आणखी एक फळी ठोकली की ती खाली येते. साध्या लाकडाची ताकद कमी, दगडाची जास्त, लोखंड घातलेल्या वाशाची त्याहून जास्त. वर छप्पर नसेल तर पावसात लाकूड खराब होत जातं. हातोडा मारून ते दुरुस्त करता येतं, फुकटात.

रस्टमध्ये दुरुस्ती फुकट नाही. तिथे प्रत्येक तळावर एक कपाट ठेवावं लागतं. तळ उभा करायला जे सामान लागलं, त्याच्या १० ते ३३ टक्के सामान दर २४ तासांना या कपाटातून वजा होतं. तळ जितका मोठा, तितका हा दर जास्त. कपाट रिकामं झालं की भिंती झिजू लागतात: लाकडाची साधारण तीन तासांत, दगडाची पाच तासांत. कोणी हल्ला करायची गरज नाही. तुम्ही नुसतं लक्ष दिलं नाही तरी पुरतं.

म्हणजे प्रश्न तीन आहेत. वजन कशावर टेकलंय? पाणी कुठून शिरतंय? आणि कपाटात सामान कोण भरतंय? हेच तीन प्रश्न घेऊन भिवंडीत येऊ.

२१ सप्टेंबर २०२० ला काय झालं?

धामणकर नाक्याजवळच्या पटेल कंपाउंडमधली जिलानी इमारत पहाटे पावणेचारच्या सुमारास कोसळली. तीन मजली इमारत, वेळ गाढ झोपेची. ढिगारा उपसायला चार दिवस लागले. सुमारे ४० जणांचा जीव गेला, त्यात लहान मुलंही होती.

मुंबई उच्च न्यायालयाने या घटनेची स्वतःहून दखल घेतली आणि जनहित याचिका दाखल करून घेतली. भिवंडीपुरतं न थांबता मुंबई, ठाणे, कल्याण-डोंबिवली, उल्हासनगर, वसई-विरार अशा आसपासच्या महापालिकांनाही त्यात पक्षकार केलं. सुनावणी सुरू असतानाच, जून २०२१ मध्ये, मालाडच्या मालवणीत घर कोसळून १२ जण गेले. २०२२ मध्ये निकाल आला. त्यानंतर, २९ एप्रिल २०२३ ला, भिवंडी तालुक्यातल्या वळपाड्याच्या वर्धमान कंपाउंडमध्ये इमारत कोसळली. खाली गोदाम, वर राहती घरं अशी तिची रचना होती. आठ जणांचा मृत्यू झाला. तेव्हा पावसाळा सुरूही झाला नव्हता.

इमारत आतून कशी खराब होते?

सिमेंट-काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण नाही. ताण सोसायला आत लोखंडी सळया असतात. ताज्या काँक्रीटचा गुण अल्कधर्मी असतो, आणि त्या वातावरणात सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. त्यामुळे ती गंजत नाही.

पण हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं हळूहळू आत शिरतो आणि हा गुण कमी करत जातो. त्यात गच्चीतून, मोरीतून, फुटलेल्या पाइपातून ओल मिळाली की सळई गंजायला लागते. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते. ती जागा मिळवण्यासाठी तो काँक्रीटला आतून बाहेर ढकलतो. आधी सळईच्या रेषेत बारीक तडा दिसतो, मग पोपडे निघतात, मग छताचा तुकडा पडतो आणि तांबूस सळई उघडी दिसते. तोवर तिची जाडी घटलेली असते.

इथे बहुतेक जण काय करतात? गिलावा मारतात. वर रंग देतात. दिवाळीला घर छान दिसतं. गेमच्या भाषेत सांगायचं तर तुळई लालच आहे, फक्त तिच्यावर निळा रंग फासलाय.

वजनाचं काय?

भारतीय मानकांनुसार राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरून बांधला जातो. माणसं, पलंग, कपाट, सगळं त्यात येतं. गोदामासाठी हाच आकडा किमान ७५० किलोच्या आसपास असतो, आणि माल जितका उंच रचाल तितका वाढतो. म्हणजे राहत्या घरासाठी बांधलेल्या मजल्यावर सुताच्या गोण्या किंवा कापडाचे ताके छतापर्यंत रचले, तर मजला भलतंच काम करू लागतो.

भिवंडी हे यंत्रमागांचं शहर. आता त्याच्या भोवती गोदामांचाही प्रचंड पसारा आहे. खाली माग, वर घर. किंवा खाली माल, वर घर. ही रचना इथे नवलाची नाही. मागाचा धोटा दिवसरात्र इकडून तिकडे आदळतो, त्याचे हादरे भिंतीत आणि खांबात जातात. एका दिवसात त्याने काही होत नाही, पण आधीच गंजलेल्या सांध्याला ते सोसत नाही. त्यात वापर बदलला, मधली भिंत काढली, वर एक मजला चढवला, तर मूळ आराखड्यातला हिशेब कागदावरच राहतो. मुळात तो आराखडा असेल तर!

हे सगळं भिवंडीतच का, असाही प्रश्न येतो. तसं नाही. मुंब्रा, उल्हासनगर, डोंबिवली, मुंबई, सगळीकडे इमारती पडल्या आहेत. भिवंडीत मात्र कामाची जागा आणि राहण्याची जागा एकमेकांत इतकी मिसळली आहे की एकाची झीज दुसऱ्याच्या डोक्यावर येते.

रंग दाखवणारा हातोडा खऱ्या आयुष्यात आहे का?

आहे. त्याला स्ट्रक्चरल ऑडिट म्हणतात. त्यातल्या एका साध्या चाचणीत खरोखरच हातोडा असतो: स्प्रिंग लावलेला, काँक्रीटवर दाबला की तो किती उसळी घेतो त्यावरून पृष्ठभागाच्या कठीणपणाचा अंदाज येतो. दुसऱ्या चाचणीत काँक्रीटमधून ध्वनिलहरी सोडतात. आत पोकळी किंवा तडे असतील तर त्या उशिरा पोहोचतात. गरज पडली तर खांबाचा छोटा गोल तुकडा काढून प्रयोगशाळेत दाबून पाहतात.

निकाल चार गटांत येतो. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करून पाडायची. सी-२ अ म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२ ब म्हणजे लोक राहत असताना दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. पावसाळ्याआधी येणाऱ्या याद्यांमधला ‘अतिधोकादायक’ हा शब्द यातल्या सी-१ साठी असतो.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ नुसार ३० वर्षं झालेल्या इमारतीची तपासणी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून करून घेणं आणि प्रमाणपत्र महापालिकेला देणं ही मालकाची किंवा भोगवटादाराची जबाबदारी आहे. याच कायद्याच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाला नोटीस दिली जाते. नियमांची कमतरता नाही. अडतं ते पुढे.

कपाटात सामान कोणी भरायचं?

नोंदणीकृत गृहनिर्माण संस्थांसाठी राज्यातल्या आदर्श उपविधींमध्ये सोय आहे. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के रक्कम दरवर्षी जमा करायची. आकडे घालून पाहू. १६ घरं, प्रत्येकी ५०० चौरस फूट, बांधकाम खर्च २,००० रुपये चौरस फूट धरला तर इमारतीचा खर्च १ कोटी ६० लाख. त्याचा एक टक्का १ लाख ६० हजार. म्हणजे घरटी वर्षाला १० हजार, महिन्याला साधारण ८३० रुपये. रस्टच्या तुलनेत ही किंमत काहीच नाही.

पण ही सोय संस्था असलेल्यांसाठी. जिथे इमारत एका मालकाची, राहणारे पागडीचे किंवा अनामत देऊन राहणारे भाडेकरू, भोगवटा प्रमाणपत्राचा पत्ता नाही आणि संस्थाच नोंदलेली नाही, तिथे पैसे गोळा करायला कपाटच नाही. मालक म्हणतो, या भाड्यात मी काय दुरुस्ती करू? कारण पागडीतलं भाडं नाममात्र असतं आणि भाडे नियंत्रण कायदा वर्षाला चार टक्केच वाढ देतो. भाडेकरू म्हणतो, इमारत मालकाची, मी पैसा का घालू? दोघांचंही म्हणणं आपापल्या जागी बरोबर आहे, आणि दोघांच्या मध्ये सळई गंजत राहते. त्यात परप्रांतातून मागावर कामाला आलेला कामगार असेल, तर त्याला उद्या तिथे राहायचंय की नाही हेही माहीत नसतं.

मुंबई शहरात यावर एक तोडगा निघाला होता. १९६९ च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि त्यातून दुरुस्ती मंडळ उभं राहिलं. आज ते म्हाडाकडे आहे. पण त्याची हद्द शहर भागापुरतीच, उपनगरंसुद्धा त्यात नाहीत, मग भिवंडी तर लांबच. आणि उपकर असूनही जुलै २०२० मध्ये फोर्टमधल्या भानुशाली इमारतीचा भाग कोसळून १० जण गेले. तेव्हा कपाट आहे म्हणजे ते भरलेलं आहे आणि वेळेवर उघडलं जातं, असंही समजायला नको.

नोटीस आली तरी लोक घर का सोडत नाहीत?

बाहेरून पाहणाऱ्याला हा हट्ट वाटतो. आत राहणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. घर सोडलं तर पर्यायी जागा कुठे मिळणार? भिवंडीतच नवं भाडं आणि नवी अनामत भरायची तर पैसे हवेत. शहराबाहेर गेलं तर मागावरची पाळी चुकते, मुलांची शाळा तुटते. सगळ्यात मोठी भीती म्हणजे इमारत पाडली की आपला हक्कही गेला. काही वेळा धोक्याचा शेरा मालकाने भाडेकरू हटवण्यासाठीच मिळवलाय असा संशय असतो, आणि मग एकाच इमारतीचे दोन परस्परविरोधी ऑडिट अहवाल समोर येतात.

हक्काच्या भीतीबद्दल मात्र कायदा बराच स्पष्ट आहे. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेने पाडलेल्या एका इमारतीच्या प्रकरणात २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं की इमारत पडली किंवा पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, कारण भाडेकरार इमारतीबरोबर जमिनीशीही जोडलेला असतो.

ही गोष्ट नोटिशीच्या कागदावर सहसा ठळकपणे लिहिलेली दिसत नाही. म्हणून नोटीस आलेल्या घरांसाठी काही कामं निघण्याआधीची आहेत: आपल्या ताब्यातल्या जागेचं क्षेत्रफळ लेखी मोजून घेणं, त्यावर महापालिकेचा शिक्का मिळवणं, भाड्याच्या पावत्या, वीजबिलं आणि जुना करार यांच्या प्रती इमारतीबाहेर कुणाकडे तरी ठेवणं. इमारत कोसळल्यानंतर ढिगाऱ्यातून हे कागद सापडणं कठीण असतं.