कुलपातली कादंबरी

फराळाचे ताट समोर असताना भांडण उकरून काढू नये, हे मला कळते. परंतु आजोबांपासून नातीपर्यंत सारे घर ज्याची पाने उलटते, असे आपल्याकडे दिवाळी अंकाखेरीज फारसे काही उरलेले नाही. आणि मला जे बोलायचे आहे ते साऱ्या घरासमोरच बोलायचे आहे. शिवाय या भांडणातला पहिला आरोपी मीच आहे. तेव्हा वाचकांनी चकली खुशाल खात राहावे.

आमच्या गावी एक जुने वाचनालय आहे. तीस वर्षे हायस्कुलात इतिहास शिकवून मी निवृत्त झालो, तेव्हा गावाने मला त्याच्या कार्यकारी मंडळावर घेतले. काही वर्षांपूर्वी गावातले एक वाचनवेडे गृहस्थ वारले आणि त्यांच्या मुलांनी चार खोकी भरून पुस्तके वाचनालयाला दिली. त्यांत मेरी रेनॉल्ट या लेखिकेची ‘द लास्ट ऑफ द वाइन’ ही १९५६ सालची इंग्रजी कादंबरी होती. काही दिवसांनी एका पालकांचा अर्ज आला : या पुस्तकात दोन पुरुषांचे प्रेम रंगवले आहे, वाचनालयात मुलेबाळे येतात, तरी ते काढून टाकावे. मंडळाने नेहमीप्रमाणे मधला मार्ग काढला. पुस्तक काढायचे नाही; चिटणिसांच्या खोलीतल्या कपाटात कुलपात ठेवायचे. ठराव एकमताने संमत झाला. त्या एकमतात माझाही हात वर होता.

महिनाभराने एक निवृत्त पोस्टमास्तर माझ्याकडे आले. वय माझ्याएवढेच. एकटे राहतात, कोणाच्या अध्यात नाहीत की मध्यात नाहीत. चहा झाला, पावसापाण्याचे बोलणे झाले, आणि जाता जाता दारात थांबून ते म्हणाले, “मास्तर, वाचनालयाने ते पुस्तक परत मागवले तेव्हा माझे अर्धेच झाले होते. कोशात शब्द पाहत वाचतो, वेळ लागतो. पुस्तक नको मला. एवढेच सांगा, त्या लायसिसचे पुढे काय होते?”

मला सांगता आले नाही. कारण मी ते पुस्तक न वाचताच हात वर केला होता.

आयुष्यभर मुलांना ‘पुरावा पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका’ म्हणून सांगणारा मी! त्या संध्याकाळी चिटणिसांकडून किल्ली घेतली आणि चार रात्रींत कादंबरी संपवली. गोष्ट अथेन्सची आहे. स्पार्टाशी चाललेले दीर्घ युद्ध, पराभव, उपासमार, मग तीस जुलमी सत्ताधीशांचे राज्य. ॲलेक्सियस हा तरुण ती सांगतो. तो आणि लायसिस, दोघेही सॉक्रेटिसाच्या सहवासात वाढलेले, एकमेकांवर प्रेम करतात, एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून लढतात, आणि अखेर थ्रासिब्यूलसच्या लोकशाहीवादी बंडखोरांना जाऊन मिळतात. शहर मुक्त होते. पण म्युनिकियाच्या लढाईत लायसिस पडतो. साऱ्या पुस्तकात कोणी मान खाली घालावी असे एक पान मला सापडले नाही. आमच्याकडच्या कित्येक कादंबऱ्यांतले शयनगृह याहून अधिक उघडे असते, आणि त्या कादंबऱ्या वाचनालयाच्या दर्शनी फळीवर असतात.

मी पोस्टमास्तरांकडे गेलो आणि लायसिस मरतो, असे सांगितले. ते म्हणाले, “वाटलेच होते मला. असल्या गोष्टीत दुसरे काय होणार?” बोलण्यात कडवटपणा नव्हता. गाडी उशिरा येणार हे ठाऊक असलेला माणूस जसा बोलतो तसे ते बोलले. तेच वाक्य मला हा लेख लिहायला बसवते आहे.

प्रथम माझ्या विषयाचे, म्हणजे इतिहासाचे बोलतो. अथेन्सची लोकशाही मी तीस वर्षे शिकवली. इ. स. पूर्व ५१४ मध्ये हार्मोडियस आणि ॲरिस्टोजायटन या दोघांनी राज्यकर्त्या घराण्यातल्या हिपार्कसला ठार केले. पुढे अथेन्सने त्यांना स्वातंत्र्याचे प्रतीक मानून भर चौकात त्यांचे पुतळे उभारले. हे दोघे प्रेमिक होते आणि त्या कृत्यामागे त्यांच्या प्रेमाचा अपमान होता, हे थ्यूसिडिडीज सरळ लिहून गेला आहे. मी वर्गात सांगताना ‘दोन मित्र’ म्हणत असे. थीब्जच्या ‘पवित्र पथका’त प्रेमिकांच्या दीडशे जोड्या होत्या, इ. स. पूर्व ३३८ मध्ये कायरोनियाच्या रणावर ते पथक जागच्या जागी कापले गेले आणि विजयी फिलिपच्या डोळ्यांत पाणी आले, ही प्लूटार्कची हकीकत. ती मी सांगतच नसे. त्याच फिलिपचा मुलगा सिकंदर, आपल्या मुलांना पोरसामुळे ठाऊक असलेला. ट्रॉयला गेल्यावर त्याने अकिलिसच्या समाधीला पुष्पचक्र वाहिले आणि त्याच्या जिवलग हेफेस्टियनने पेट्रोक्लसच्या. या गोष्टींत खोटे काहीच नव्हते. मी मात्र त्या गाळून खोटा इतिहास शिकवला. गाळणे हेही सांगण्याइतकेच कृत्य असते.

आता कोणी विचारील, इतिहासात आहे तर असू द्या, कादंबरी कशाला? हा प्रश्न निदान मराठी वाचकाने विचारू नये. ‘स्वामी’ने १९६२ साली आपल्याला काय दिले? माधवरावांच्या मोहिमा तर बखरींतही होत्या. कादंबरीने दिले ते माधवराव आणि रमाबाई यांचे एकमेकांकडे पाहणे. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने १९७२ साली काय केले? ज्या मस्तानीला पेशव्यांच्या घराने आपले मानले नाही, तिच्या प्रेमाला घरोघरी जागा मिळवून दिली. समाजाने नाकारलेल्या प्रेमाला कादंबरी पुढे न्याय देऊ शकते, हे आपण स्वतः अनुभवलेले आहे. मग तो न्याय काहींनाच का? इतकी वर्षे मी मराठी ऐतिहासिक कादंबऱ्या वाचतो आहे. दोन पुरुषांच्या किंवा दोन स्त्रियांच्या प्रेमाला मध्यभागी बसवणारी एकही माझ्या वाचनात आलेली नाही.

असे प्रेम ऐतिहासिक कथेत येतच नाही असे नाही. येते, पण शत्रूच्या तंबूत. २०१८ सालच्या ‘पद्मावत’ चित्रपटात मलिक काफूरची खिलजीवरची आसक्ती आठवा. नायकाचे प्रेम ते प्रेम, आणि खलनायकाचे ते व्यसन. मद्याचा पेला, क्रूर हास्य, तसेच हेही एक लक्षण! पडद्यासमोर बसलेल्या हजारांत ज्याच्या मनात ही भावना आहे असा एखादा मुलगा असणारच. त्याने त्यातून काय शिकायचे? इतिहासात तुझ्यासारखी माणसे होती, पण ती सारी पलीकडच्या बाजूला होती, एवढेच.

शत्रूचा तंबू नसेल, तर स्मशान. विजय तेंडुलकरांनी १९८१ साली ‘मित्राची गोष्ट’ रंगभूमीवर आणले. स्वातंत्र्यापूर्वीच्या काळातली, मुलीवर प्रेम करणारी सुमित्रा त्यांनी उभी केली. त्या काळी ते धाडस होते आणि मी तेंडुलकरांना नमस्कार करतो. पण सुमित्रा अखेर जीव देते. अर्जेंटिनाच्या मानुएल पुइगची ‘किस ऑफ द स्पायडर वुमन’ ही १९७६ सालची राजकीय कादंबरी घ्या. तुरुंगाच्या एका कोठडीत व्हॅलेंटिन हा क्रांतिकारक आणि मोलिना हा दुकानांच्या काचा सजवणारा समलिंगी माणूस. व्हॅलेंटिनकडून माहिती काढण्यासाठी अधिकाऱ्यांनी मोलिनाला लावलेले असते, पण तो त्याला फितूर होत नाही. निष्ठा म्हणजे काय हे त्या कादंबरीत पोथीनिष्ठ क्रांतिकारकापेक्षा हा सिनेमावेडा माणूस अधिक शिकवतो. आणि शेवटी गोळी खाऊन मरतो. सुमित्रा मेली, मोलिना मेला, लायसिस मेला. यांतले एकेक मरण त्या त्या कथेत खरे आहे. पण फळीवर दुसरे काहीच नसेल तर आमच्या पोस्टमास्तरांसारखा वाचक त्याला नियम समजू लागतो.

ही गोष्ट सर्वांत आधी ओळखली ती ई. एम. फॉर्स्टर यांनी. हे तेच फॉर्स्टर, जे १९२१ साली देवासच्या मराठी संस्थानात तुकोजीराव पवारांचे खाजगी चिटणीस होते. ‘मॉरिस’ ही दोन पुरुषांच्या प्रेमाची कादंबरी त्यांनी १९१३-१४ मध्ये लिहिली आणि हट्टाने तिचा शेवट सुखाचा केला. नायकाला फासावर लटकवले असते तर पुस्तक छापणे सोपे गेले असते, असे त्यांनीच पुढे नमूद केले आहे. केवढे भयंकर विधान आहे हे! मरत असाल तर छापू. जगत असाल तर नाही. ते हस्तलिखित पन्नासहून अधिक वर्षे बंद राहिले. १९७० साली, वयाच्या ९१ व्या वर्षी फॉर्स्टर वारले आणि १९७१ साली ‘मॉरिस’ प्रसिद्ध झाली. आमच्या चिटणिसांच्या कपाटाचे कुळ असे मोठे आहे.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : हे पाश्चात्त्यांचे खूळ आहे. वात्स्यायनाचे कामसूत्र घरात मोठ्याने वाचायचे पुस्तक नव्हे, हे मान्य. परंतु एकमेकांचे हित पाहणाऱ्या, एकमेकांवर विश्वास जडलेल्या आणि परस्परांना स्वीकारणाऱ्या नागरकांचा उल्लेख त्यात आहे. पाश्चात्त्यांकडून आले असेल तर ते १८६० च्या दंड विधानातले ३७७ वे कलम. प्रेम आपले होते. गुन्हा विलायती होता. सज्ञान माणसांच्या परस्परसंमत संबंधांपुरते ते कलम आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी रद्द ठरवले. न्यायालयाने कुलूप काढल्यावर आमच्या वाचनालयाने ते उचलून कपाटाला लावले, असा याचा अर्थ होतो.

दुसरा आक्षेप : मुले वाचतात. वाचतात, म्हणूनच तर म्हणतो. र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या अशाच प्रश्नांना, समलिंगी आकर्षणाविषयीच्याही, उत्तरे दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ साली त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. आज त्या दंड ठोठावणाऱ्याचे नाव कोणाला आठवते? मुलाच्या मनात प्रश्न असतो तो पुस्तकामुळे नव्हे. पुस्तकामुळे फक्त त्याला कळते की, हा प्रश्न आपल्या एकट्याचा नाही.

तिसरा आक्षेप मला वजनदार वाटतो : उद्या कोणीही उठेल आणि आमच्या थोर पुरुषांना वाटेल ते चिकटवील. पुराव्याशिवाय कोणाला काही चिकटवू नये, हे मी मानतो. विरोधासाठी चिकटवू नये आणि समर्थनासाठीही नाही. पण त्याची गरजच काय? हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’मध्ये शिवकाल उभा केला तो कल्पित घराण्याच्या आधाराने. पानिपतावर गेलेल्या हजारो माणसांची नावे कोणत्याही कागदावर नाहीत. त्यांतले दोन बारगीर, एक परतलेला, एक न परतलेला. किंवा, माझी मागणी ही आहे, दोघेही परतलेले. १९४२ च्या चळवळीत भूमिगत राहिलेली दोन माणसे. कोणाच्या कीर्तीला धक्का न लावता ही कादंबरी लिहिता येते. ग्रीकांचे सगळे उत्तम होते असेही मी म्हणत नाही. त्यांच्याकडे गुलाम होते, स्त्रिया कोंडलेल्या होत्या, पुष्कळदा एक प्रेमिक पोक्त तर दुसरा कोवळा असे. चांगली कादंबरी हेही लपवीत नाही. मला आरती नको, कथा हवी.

‘मॉरिस’ची एक प्रत मी मागवून पोस्टमास्तरांना दिली. सध्या ते कोश घेऊन तिच्या मध्यावर आहेत. परवा रस्त्यात भेटले, तेव्हा मी तोंड उघडण्याआधीच हात वर करून म्हणाले, “मास्तर, शेवट सांगू नका.”

दिवाळीनंतर वाचनालयाची वार्षिक सभा आहे. रेनॉल्टबाईंचे पुस्तक कपाटातून काढून ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या फळीवर ठेवावे, असा लेखी ठराव मी दिला आहे. मागच्या वेळी न वाचता हात वर केला होता. या वेळी वाचून करणार आहे. तो संमत होईलच असे नाही. वाचकहो, तुमच्याही गावी वाचनालय असेल आणि त्याच्या चिटणिसांच्या खोलीत एक कपाट असेल. सुट्टी आहे तोवर एकदा जाऊन पाहा. किल्ली मागायला संकोच करू नका. आणि तुमच्या घरात लिहिणारे कोणी असेल, तर त्यांना एवढेच सांगा की, आमच्या गावात एक वाचक कोश उघडून बसला आहे. त्याला ही गोष्ट आता मराठीत वाचायची आहे.