वाहने हलवायची की माणसे?

एकेकाळी पुणे हे सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. विद्यार्थी, शिक्षक, कारकून, कारखान्यातील कामगार असे सारेच सायकलीवरून ये-जा करीत आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नसे. त्याच पुण्यात २०१८ साली नोंदणीकृत वाहनांची संख्या ३६ लाखांवर गेली. सुमारे ३५ लाखांच्या लोकसंख्येलाही तिने मागे टाकले. हे सुबत्तेचे लक्षण मानून समाधान मानायचे, की धोक्याचा इशारा समजायचा?

गर्दी वाढली की रस्ता रुंद करा, चौक तुंबला की उड्डाणपूल बांधा, ही आपल्याकडील ठरलेली रीत. जगभरच्या अभ्यासाचा निष्कर्ष मात्र वेगळाच आहे. रस्ता मोकळा दिसताच बसने जाणाराही स्वतःची गाडी बाहेर काढतो आणि काही वर्षांत कोंडी पुन्हा पूर्वपदावर येते. पुणे विद्यापीठ चौकातील उड्डाणपुलांचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी ते २०२० साली पाडावे लागले. त्यांचे आयुष्य जेमतेम दीड दशकाचे ठरले.

वाहतूकशास्त्रात वारंवार मांडले जाणारे एक गणित विचार करायला लावणारे आहे. साडेतीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून मोटारींनी तासाला सुमारे २००० माणसे जाऊ शकतात. बसने ९०००, सायकलींनी १४०००, तर पायी १९०००. म्हणजे सर्वाधिक जागा अडविणारे साधन सर्वांत कमी माणसे वाहून नेते. तरीही रस्त्याची आखणी होते ती त्याच्याच सोयीने!

पर्यावरणाचा हिशेबही याहून वेगळा नाही. एक लिटर पेट्रोल जळते, तेव्हा सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत मिसळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या सहा शहरांच्या अभ्यासात पुण्याचाही समावेश होता. हवेतील तरंगत्या कणांमध्ये धुराबरोबरच रस्त्यावरून उडणाऱ्या धुळीचा मोठा वाटा असल्याचे त्यातून पुढे आले. म्हणूनच केवळ विजेवरची मोटार घेतल्याने आपले कर्तव्य संपत नाही. धूर थांबेल, पण धूळ उडतच राहील आणि रस्त्यावरील जागाही तेवढीच अडेल.

उपाय ठाऊक नाहीत असे नाही. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने वाहनांच्या नव्हे, माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे, हे सूत्र स्वीकारले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातील पहिला बीआरटी प्रयोग सुरू झाला. पण मार्गिका सलग नव्हत्या, थांब्यापर्यंत सुरक्षित पोहोचण्याची सोय अपुरी होती आणि खासगी वाहनांची घुसखोरी कोणी रोखली नाही. पुढे नगर रस्त्यावरील मार्गिका तर काढूनच टाकल्या गेल्या. २००९ साली सुरू झालेल्या अहमदाबादच्या ‘जनमार्गा’ने मात्र नाव मिळविले. तेव्हा दोष कल्पनेचा होता, की अर्धवट अंमलबजावणीचा?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात मेट्रो आली आणि २०२४ मध्ये ती स्वारगेटपर्यंत पोहोचली. हे स्वागतार्हच आहे. परंतु स्थानकापर्यंत चालत जायला सलग पदपथ नसेल, पुढे नेणारी बस वेळेवर येत नसेल, तर मेट्रोही आपल्या पूर्ण क्षमतेने चालणार नाही. बस ही मेट्रोची स्पर्धक नव्हे, तिची सहचारिणी आहे.

येथे दोष केवळ शासनाला देऊन चालणार नाही. चार माणसांच्या घरात चार वाहने असणे हे आपणच प्रतिष्ठेचे मानले. कोपऱ्यावरच्या दुकानात जायलाही आपल्याला दुचाकी लागते. बस ही ज्याला गाडी परवडत नाही त्याची, अशी समजूत आपणच रूढ केली आणि मध्यमवर्गाने पाठ फिरविल्यावर बसच्या दुरवस्थेविषयी आवाज उठवणारे कोणी उरले नाही. ज्या घरातील आजोबा रस्ता ओलांडायला घाबरतात आणि नातवाला सायकलवर शाळेत पाठविण्याचे धैर्य आईला होत नाही, त्या घराने या प्रश्नाकडे तटस्थपणे पाहणे परवडेल काय?

आठवड्यातून एक दिवस स्वतःची गाडी घरी ठेवून बसने जाण्याचा संकल्प प्रत्येक कुटुंबाला सहज करता येईल. प्रवासी म्हणून अनुभवलेली गैरसोय मग लोकप्रतिनिधींपुढे अधिकाराने मांडता येईल. मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला नव्या उड्डाणपुलाविषयी न विचारता, आपल्या प्रभागात सलग पदपथ किती आणि बस किती मिनिटांनी येते, हे विचारावे. प्रश्न बदलले की उत्तरेही बदलतील.