पायातला बूट आणि त्यावरचा टाका
(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिक अंकासाठी लेख मागवल्याची सूचना फलकावर लागली तेव्हा वर्गातल्या मित्रांनी विषय वाटून घेतले. कुणी पावसावर लिहिणार, कुणी स्पर्धा परीक्षांवर, कुणी भ्रमणध्वनीच्या दुष्परिणामांवर. मी बुटांवर लिहिणार असे म्हणताच सगळे हसले. हसणाऱ्यांपैकी चौघांच्या पायांतले बूट माझ्या वडिलांनी शिवलेले होते, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही. असो.

माझे म्हणणे साधे आहे. आपल्या जिमखान्यातून खेळाडूंना नवे बूट विकत घेण्यासाठी पैसे मिळतात, जुने बूट दुरुस्त करण्यासाठी मिळत नाहीत. नव्या बुटांची दुकानातून छापील पावती मिळते. स्टेशनबाहेर पेटी मांडून बसलेला गटई कामगार पावती देऊ शकत नाही. म्हणून हजार रुपयांचा खर्च नियमात बसतो आणि तीस रुपयांचा टाका बसत नाही. हा नियम बदलावा एवढेच मला मांडायचे आहे. पण एवढेच लिहिले तर तो अर्ज होईल, लेख होणार नाही. आणि अर्ज तर मी मागेच दिला आहे.

गेली दोन वर्षे आपल्या मैदानाच्या कोपऱ्यात दुपारच्या सुट्टीत जो खेळ चालतो तो अनेकांनी पाहिला असेल. आम्ही त्याला ‘पोटली’ म्हणतो. सहासात जण रिंगण करून उभे राहतात आणि मुठीत मावेल एवढी एक कापडी पोटली पायाने उडवत एकमेकांकडे देतात. हात लावायचा नाही, खाली पडू द्यायची नाही. पायाची आतली बाजू, बाहेरची बाजू, चवडा, गुडघा, काहीही चालते. हा खेळ आमच्याकडे आला तो रेल्वे स्टेशनवर. खोपोलीची गाडी चुकली की पुढच्या गाडीपर्यंत पुष्कळ वेळ हाताशी असतो हे खालापूर तालुक्यातून येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत आहे. मुंबईहून पेठच्या किल्ल्याला निघालेली काही मुले फलाटाबाहेर असे काहीतरी खेळत होती, ते पाहून आम्ही शिंप्याकडच्या चिंध्यांची पोटली शिवली. आत आधी कर्जत-३ चे तांदूळ भरले. पहिल्याच पावसात ते भिजले, फुगले आणि त्यांना वास सुटला. चिंचोके भरून पाहिले, ते पायाला टोचतात. शेवटी प्लॅस्टिकचे बारीक दाणे कामी आले.

या खेळाचे मूळ शोधताना कळले की अमेरिकेत त्याला ‘फुटबॅग’ म्हणतात. ऑरेगॉन राज्यात १९७२ साली माइक मार्शल आणि जॉन स्टॅलबर्गर या दोघांनी त्याला आजचे रूप दिले. स्टॅलबर्गरचा गुडघा दुखावला होता आणि पायाला व्यायाम हवा होता; मार्शलकडे हाताने शिवलेली एक पोटली होती. त्यातून ‘हॅकी सॅक’ हे नाव आणि पुढे धंदा उभा राहिला. मार्शल १९७५ सालीच वारला, आणि १९८३ साली एका मोठ्या खेळणी कंपनीने तो धंदा विकत घेतला. त्यापेक्षा मला अधिक रस वाटला तो तिथल्या खेळाडूंच्या बुटांत. या खेळासाठी म्हणून बूट मिळत नसत, तेव्हा चांगल्या खेळाडूंनी आदिदास कंपनीचे, रॉड लेव्हर या टेनिसपटूच्या नावाचे बूट घेतले आणि ते आपल्या खेळाला जुळवून घेतले. तळाची भोके रिकामी सोडून नाड्या ओवल्या, शिवणी उसवल्या, झिजलेल्या जागी रबरी लेप दिला. टेनिसचा बूट त्यांनी पोटलीचा केला.

पूर्वेकडे हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. थायलंडमध्ये विणलेल्या चेंडूने, मध्ये जाळी बांधून, पायाने खेळायचा सेपाक टकरा हा खेळ आहे. त्यासाठी तिथे ‘नानयांग’ नावाचा साधा कॅनव्हासचा बूट वापरतात. शाळेतली मुले तोच घालतात आणि खेळाडूही तोच घालतात. १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत आपली कबड्डी पहिल्यांदा पदकासाठी खेळली गेली, त्याच स्पर्धेत सेपाक टकराही पहिल्यांदा आला. भारताला त्यात पहिले पदक, कांस्य, २०१८ साली जकार्ता-पालेम्बांग येथे मिळाले, आणि २०२३ साली हांगचौ येथे आपल्या महिलांनीही कांस्यपदक आणले. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक होते?

आता आमच्या बुटांकडे येतो. आठवडी बाजारात मिळणारा साधा कॅनव्हासचा बूट पोटलीसाठी चार ठिकाणी नडतो. त्याचा पुढचा भाग गोल व फुगीर असतो, त्यामुळे चवड्यावर झेललेली पोटली घरंगळते. आतल्या बाजूचे कापड सैल असते, तिथे पोटली थांबत नाही, उडते. रबरी तळाची कड बाहेर आलेली असते, पोटली तिला आपटून भलतीकडे जाते. आणि जीभ धावताना एका बाजूला सरकते.

माझ्या वडिलांनी हा खेळ आयुष्यात कधी खेळलेला नाही. मी त्यांना चार अडचणी सांगितल्या, त्यांनी बूट हातात घेऊन वाकवला, दाबला आणि म्हणाले, “तुला पाय पसरट करून हवाय.” मग त्यांनी खालच्या दोन जोड भोकांतली नाडी काढून टाकली, म्हणजे पुढचा भाग आपोआप सपाट पसरला. आतल्या बाजूला जुन्या बॅगेच्या खरबरीत चामड्याचा तळहाताएवढा तुकडा ताणून शिवला. रापीने तळाची कड छाटली, पण टाचेकडची नाही, कारण तिथे छाटली तर बूट उघडतो. जीभ एका बाजूने दोन टाक्यांनी पकडली. पाऊण तासाचे काम. दुसऱ्या दिवशी माझ्या पायावर पोटली अशी बसली की मित्रांना वाटले मी मुंबईहून नवा बूट आणला.

दुरुस्तीची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. कॅनव्हासचा बूट मरतो तो बहुधा एकाच जागी: करंगळीजवळ, जिथे पाय वाकतो आणि कापड रबराला चिकटवलेले असते. तिथे फट पडते. मुले ‘फेव्हिक्विक’ लावतात. ते वाळून काचेसारखे कडक होते आणि पुढच्या वाकण्याला तडकते, जाताना कापडही फाडून नेते. सोल्युशन बरे, पण आपल्याकडे चार महिने जो पाऊस कोसळतो त्यात तेही सुटते. टिकतो तो टाका. त्यातही एक युक्ती आहे. टाका तळावर उघडा राहिला तर मुरूम आणि खडी त्याला आठवड्यात झिजवतात. म्हणून आधी रापीने तळात बारीक चर पाडतात, मग आरीने भोक, आणि दोरा त्या चरात आत दडवतात. सुती दोरा पावसात कुजतो. नायलॉनचा कुजत नाही, पण फार ओढला तर कापड चिरतो. म्हणून त्याला मेण लावायचे आणि किती ओढायचे हे बोटांनी ठरवायचे. हे कोणत्याही पुस्तकात मी वाचलेले नाही. कलाशाखेच्या अभ्यासक्रमात तर ते येणारच नाही.

पोटली हा रिकाम्या वेळेचा खेळ आहे असे कुणी म्हणेल. मग कबड्डी घ्या. रायगड जिल्ह्याला कबड्डीचे वेड आहे हे सांगायला नको. आपली गावोगावची मुले मातीवर अनवाणी खेळत मोठी होतात. विद्यापीठाच्या सामन्यांना गेले की समोर मॅट असते, आणि मॅटवर बूट लागतात, तेही पकड देणाऱ्या रबरी तळाचे. ज्या मुलाने आयुष्यभर उघड्या पायाच्या बोटांनी माती धरली त्याला पहिल्यांदा बूट चढवून आठवड्याभरात निवडचाचणी द्यावी लागते. बूट एक नंबर मोठा असतो, कारण जिमखान्याकडे तोच उरलेला असतो. आतून एक थर लावून आणि टाचेजवळ गादी शिवून तो पायाला बसवता येतो, खर्च साठसत्तर रुपये. पण त्याची पावती नाही. गेल्या वर्षी आमच्या वर्गातल्या एका मुलाने नाडी आवळून, आत दोन मोजे घालून चाचणी दिली. चढाईत वळताना पाय बुटात फिरला आणि घोटा सुजला. त्याची निवड झाली नाही.

अनवाणी पायांची आपल्याला लाज वाटू नये. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपल्या फुटबॉल संघातले बहुतेक खेळाडू बुटांशिवाय खेळले आणि फ्रान्सकडून अवघ्या २-१ ने हरले. चार वर्षांनी हेलसिंकीला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने हरवले, आणि त्यानंतर आपल्याकडे बूट सक्तीचे झाले. सक्ती योग्यच होती. परंतु बूट सक्तीचे करताना तो पायाला बसतो की नाही हे कोण पाहणार, हा प्रश्न तेव्हापासून लोंबकळतच आहे.

आता जे लिहायचे आहे ते थोडे अवघड आहे. दुरुस्त केलेला बूट घालायला मुले लाजतात. फाटकी जीन्स दुकानातून विकत घेतात, पण टाका घातलेला बूट लपवतात. ही लाज गरिबीची आहे असे वरवर वाटते. मला वाटते ती टाका घालणाऱ्या हाताचीही आहे. माझ्या वर्गातले मित्र वडिलांकडे बूट देतात ते बहुधा संध्याकाळी, आणि माझ्यामार्फत. माझ्याशी ते डबा वाटून खातात, त्यात मला काही खोट दिसत नाही. तरी पेटीसमोर दिवसाढवळ्या उभे राहायला त्यांना नको असते.

ही गोष्ट खेळाच्या मैदानाला नवी नाही. बाळू पालवणकर हे चर्मकार कुटुंबातले, १८७६ साली धारवाडला जन्मलेले. १९११ साली भारताच्या संघाबरोबर इंग्लंडला गेले आणि त्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. पुण्यात हिंदूंच्या संघाकडून खेळताना मात्र चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा मिळे. क्रिकेटचा चेंडू कातड्याचा असतो. तो सगळ्यांनी हाताळला.

आज कोणी कोणाला मातीच्या भांड्यात चहा देत नाही, हे मी मान्य करतो. पण जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि मूळ कारागिरांचे नाव घेतले नाही, तेव्हा सारा महाराष्ट्र खवळला. आमच्या वर्गातही जोरदार चर्चा झाली. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे हे प्रत्येकाला पाठ झाले. नंतर कंपनीने या कारागिरीचे श्रेय मान्यही केले. त्या चर्चेत तावातावाने बोलणाऱ्या एकालाही स्टेशनबाहेरच्या तिन्ही गटई कामगारांपैकी एकाचे नाव सांगता आले नसते. आणि हो, ‘बाटा’ हे नाव अनेकांना देशीच वाटते. ते झ्लीन गावच्या, पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या एका कुटुंबाचे आडनाव आहे. १८९४ साली त्यांनी कारखाना काढला. तिकडे मोच्याचे आडनाव पाटीवर लागते.

मला कुणी विचारेल, एवढे आहे तर तू पेटीवर बसणार का? माझ्या आधी आमच्या घरात कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नाही. वडिलांनी मला रापी शिकवली, पण सोबत हेही बजावले की सुट्टीपुरतीच धरायची. “तुझ्या हाताला शाईच शोभते,” असे ते म्हणतात. मी त्यांच्याशी यावर वाद घालतो आणि दरवेळी तो अर्धाच राहतो, कारण गिऱ्हाईक येते. मला शिक्षक व्हायचे आहे. पण ज्या कामाने माझी फी भरली ते काम मान खाली घालून सांगावे लागू नये, असे मला वाटते, आणि वडिलांनंतर त्या जागेवर कुणीच बसले नाही तर कर्जतचे बूट कोण शिवणार याचे उत्तर माझ्याकडे तयार नाही. सरकारने काहीच केले नाही असे नाही. गटई कामगारांना शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल देण्याची समाजकल्याण खात्याची योजना आहे. स्टॉलने डोक्यावर छप्पर येते. गिऱ्हाईक मात्र आपणच यायला हवे.

म्हणून जिमखान्याकडे माझी मागणी अशी. पावतीऐवजी साधे व्हाउचर असावे, त्यावर खेळाडूची, दुरुस्ती करणाऱ्याची आणि क्रीडाशिक्षकांची सही. किरकोळ खर्चासाठी कार्यालयात अशी व्हाउचरे वापरतात, ती मी स्वतः पाहिली आहेत. क्रीडासाहित्याच्या रकमेतला अगदी लहान हिस्सा दुरुस्तीसाठी ठेवावा. आणि जूनमध्ये बूट वाटण्याआधी एक दिवस गटई कामगारांपैकी एकाला मानधन देऊन महाविद्यालयात बोलवावे. त्याने प्रत्येक खेळाडूचा पाय पाहावा, बूट पाहावा, कुठे थर हवा, कुठे टाका हवा ते सांगावे. त्याला खुर्ची द्यावी. वडिलांनाच बोलवा असे मी म्हणत नाही. त्यांच्या शेजारी बसणारे काका कबड्डीच्या बुटांत त्यांच्यापेक्षा वरचढ आहेत.

तोवर ज्यांना बूट शिवून घ्यायचे असतील त्यांनी सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात स्वतः यावे. येताना बूट धुऊन, दोन दिवस सावलीत वाळवून आणावेत. ओल्या कापडाला टाका धरत नाही.