राजा होतोस का? नको रे बाबा!

प्रत्येक ऑफिसात एक जण असतो. कामात सॉलिड, कँटीनमध्ये भोवती कायम घोळका. पण 'टीम लीड कोण?' असा विषय निघाला की स्वारी हळूच कॉफी आणायला पळते. आमच्या ऑफिसात ती स्वारी म्हणजे मी! त्यामुळे अ‍ॅलिस्टर मला पहिल्या भेटीतच आवडला, यात नवल ते काय?

अ‍ॅलिस्टर म्हणजे 'ड्रॅगन एज: ओरिजिन्स'मधला शिलेदार. कॅनडातल्या बायोवेअरने २००९ साली आणलेला हा गेम मी गेल्या महिन्यात पुन्हा खेळायला काढला. फेरेल्डन नावाच्या राज्यावर जमिनीखालून राक्षसी फौज चालून आलीय. तिच्याशी लढणारे खास योद्धे म्हणजे ग्रे वॉर्डन. ऑस्टागारच्या लढाईत सेनापती लॉघेन ऐन वेळी सैन्य मागे घेतो. राजा मरतो, वॉर्डनही मारले जातात. उरतात दोघंच, अ‍ॅलिस्टर आणि तुम्ही. सीनियर तो, तुम्ही कालच जॉइन झालेले. पण पुढे कुठे जायचं ते ठरवायचं कोणी? तुम्ही! साहेब मागे उभे राहून जोक मारणार.

आधी हसू येतं. मग कळतं, हा तर मेलेल्या राजाचा सावत्र भाऊ. पण दासीचा मुलगा म्हणून वाढलेला, त्यामुळे 'गादीचा विचारही करू नकोस' हे लहानपणापासून ऐकत आलेला. ज्या सरदाराने सांभाळलं, त्याच्या बायकोच्या डोळ्यांत खुपायला लागल्यावर रवानगी थेट धर्मपीठाकडे. तेव्हा रागाच्या भरात त्याने आईचं लॉकेट भिंतीवर आपटून फोडलं होतं. गेममध्ये ते त्याच सरदाराच्या टेबलात सापडतं, तुकडे जोडून जपून ठेवलेलं. ते त्याच्या हातात द्या, सगळा खट्याळपणा गळून पडतो.

म्हणजे बघा, त्याला जमत नाही असं नाहीच. 'हे तुझं नाही' असं इतरांनी इतक्यांदा सांगितलं, की शेवटी तो स्वतःच तसं म्हणायला लागला. खुर्चीसाठी झटणारे हिरो ढीगभर आहेत. खुर्चीला बिचकणारा हा एकच मला ओळखीचा वाटतो.

पण गेम त्याला सोडत नाही. सरदारांच्या सभेत तुम्ही त्याला राजा करू शकता. लॉघेनला जीवदान देऊन वॉर्डन करून घेतलंत, तर मात्र तो तडक निघून जातो. मग २०११ च्या दुसऱ्या भागात दारूच्या गुत्त्यात झिंगलेलाही भेटू शकतो.

परवा रात्री दीड वाजता, सगळे निर्णय घेऊन वैतागलेली मी स्क्रीनवर ओरडले, "अरे, सीनियर तू ना? तू ठरव की!"

आणि गप्प झाले.

गेल्या वर्षी लीडची ऑफर आली, तेव्हा 'छे, मला कुठे जमतंय' म्हणून मी ती हसण्यावारी नेली होती. ती गेली माझ्याहून दोन वर्षं ज्युनियर मुलीकडे. आता क्लायंटची बोलणी ती खाते. रात्री नऊलाही ती डेस्कवरच असते. निघताना मी तिला चॉकलेट देते, 'भारी आहेस गं' म्हणते आणि लिफ्ट पकडते. माझ्या नम्रपणाचं बिल ती भरतेय, यार!

सोमवारी तिच्या डेस्कपाशी गेले. म्हटलं, "आजपासून क्लायंटचा कॉल मी घेते."

"खरंच?" ती बघतच राहिली.

एक मस्त जोक सुचला होता. नाही मारला.